करवंट्यांच्या टापा

मक्केत चाकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा कोकणी कुटुंबांत चित्रपट घरीच पाहण्याचा प्रघात पडला, कारण सौदी मुलुखात सुमारे पस्तीस वर्षे बंद असलेली चित्रगृहे पुन्हा उघडली ती १८ एप्रिल २०१८ रोजी, आणि तीही दूर रियाधमध्ये. या घरगुती रसास्वादातून माझी अशी धारणा झाली आहे की, द्रव्याची टंचाई कल्पनाशक्तीला जागृत करते. ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या १९७५ च्या ब्रिटिश चित्रपटात घोडे परवडेनात, तेव्हा राजामागून चाकर नारळाच्या करवंट्या वाजवीत चालला, आणि त्या कृत्रिम टापांतून असंबद्धतेचा जो निर्मळ विनोद स्फुरला, तो सहस्र अश्वांनीही साधला नसता. (नारळाच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला तो नाद विशेष आपला वाटतो.) आमच्या हिंदी भयपटांच्या रामसे बंधूंनीही १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढताना महाबळेश्वरचे धुके आणि जुने बंगले यांनाच नेपथ्य मानले; दिग्दर्शन तुलसी व श्याम यांचे, छायाचित्रण गंगू यांचे, ध्वनी किरण यांचा, असा सारा कारभार एकाच कुटुंबाने सांभाळला. समीक्षकांनी त्यांना दीर्घकाळ हीन लेखले, हा मी उघड अन्याय समजतो.