सरकारने केलेले नुकसान कोणी भरावयाचे?

एखाद्या पेढीच्या मुनिमाने गिऱ्हाइकाने गहाण ठेवलेला दागिना लंपास केला, तर गिऱ्हाईक मुनिमाच्या मागे धावत नाही. ते मालकाच्या दारी येते. 'चोरी मी केली नाही, मुनिमाने केली' ही मालकाची सबब बाजारात चालत नाही आणि कोर्टातही टिकत नाही. चाकराच्या कामाचा नफा जो घेतो त्याने चाकराच्या कसुरीचा तोटाही सोसावा, हा व्यवहारातील न्याय लहान मुलासही समजतो. परंतु देशातील सर्वांत मोठा मालक जे सरकार, त्यास हा न्याय अद्याप पुरतेपणी लागू नाही. आम्हांस एकच नवा कायदा करण्याचा अधिकार मिळाला, तर आम्ही तो याच विषयावर करू.

ही तक्रार निव्वळ तर्काची नव्हे. १९४७ च्या सप्टेंबरात अमृतसरच्या एका पेढीचा भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मीरतेस उतरला. पोलिसांनी संशयावरून त्यास पकडले आणि त्याजवळील सुमारे १०३ तोळे सोने व चांदी ताब्यात घेतली. पुढे तो सुटला. चांदी परत मिळाली, सोने मात्र मिळाले नाही. ज्या हेड कॉन्स्टेबलच्या हवाली माल होता, तो सोने घेऊन पाकिस्तानात पळून गेला होता. पेढीने दावा लाविला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६४ साली निकाल लागला. मालाची व्यवस्था ठेवण्यात पोलिसांनी निष्काळजीपणा केला, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही दावा फेटाळला गेला. कारण काय? तर अटक करणे व माल जप्त करणे ही सार्वभौम सत्तेची कृत्ये होत, आणि अशा कृत्यांत झालेल्या कसुरीबद्दल सरकारवर दावा चालत नाही!

हे तत्त्व आले कोठून, हे पाहिले म्हणजे कोणाही स्वाभिमानी माणसास खेद झाल्यावाचून राहणार नाही. सरकारवर दावा कोणत्या बाबतीत चालावा याविषयी आमच्या राज्यघटनेचे ३०० वे कलम १९३५ च्या कायद्याकडे बोट दाखविते. तो कायदा १९१५ च्या कायद्याकडे, आणि १९१५ चा १८५८ च्या कायद्याकडे. ही साखळी अखेर ईस्ट इंडिया कंपनीच्या उंबरठ्याशी जाऊन थांबते. म्हणजे स्वतंत्र भारताच्या नागरिकाचा हक्क किती, हे ठरविण्यासाठी कंपनीवर कोणता दावा चालला असता याचा शोध घ्यावयाचा! १८६१ साली कलकत्त्याच्या न्यायालयापुढे एक खटला आला होता. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजुरांच्या हातून लोखंडाचा जड तुकडा पडला, त्या आवाजाने एका आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला व जखमी झाला. गोदीचे काम हे व्यापारी स्वरूपाचे, म्हणून भरपाई मिळाली. पण सार्वभौम काम असते तर मिळाली नसती, असा भेद न्यायाधीशांनी सांगितला. एका घोड्याच्या दुखापतीतून निघालेला हा भेद शतकभराने मीरतेच्या सोन्यावर येऊन आदळला.

बरे, ज्या इंग्रजांकडून आम्ही राजास अपराध नाही ही कल्पना घेतली, त्यांनी तरी ती जतन केली काय? ३१ जुलै १९४७ रोजी इंग्लंडात राजसत्तेवरील दाव्यांचा कायदा मंजूर झाला आणि तेथील सरकार नोकरांच्या कसुरीबद्दल सामान्य मालकाप्रमाणे जबाबदार ठरले. त्यानंतर पंधरा दिवसांत आम्ही स्वतंत्र झालो. त्यांनी टाकलेला अंगरखा आम्ही अजून अंगावर वागवीत आहो. आमची स्वतःची परंपरा तर याच्या उलट आहे. चोरीस गेलेला माल सापडत नसेल तर राजाने तो आपल्या खजिन्यातून प्रजेस भरून द्यावा, असे याज्ञवल्क्याने सांगितले आणि कौटिल्यानेही सांगितले. तेथे चोर परका असूनही राजा देणेकरी. येथे चोर खुद्द सरकारचा नोकर असूनही सरकार मोकळे!

मीरतेच्या खटल्याचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर हे मराठी होते. कायदा आहे तसा लागू करणे त्यांस भाग पडले; परंतु ही स्थिती समाधानकारक नसून विधिमंडळांनी याविषयी कायदा करण्याचा विचार करावा, असेही त्यांनी त्याच निकालात सुचविले. त्यापूर्वीच, १९५६ साली, विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल या विषयावर दिला होता. १९६५ व १९६७ साली लोकसभेत विधेयके आली. दोन्ही मंजूर न होताच विराली. त्यानंतर आजतागायत हा कायदा झालेला नाही.

न्यायालयांनी पुढे काही वाट काढली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. एका व्यापाऱ्याचा १९७५ साली जप्त केलेला खत-धान्याचा माल सरकारी ताब्यात नासला, तेव्हा १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले. मालाहूनही मोलाची वस्तू स्वातंत्र्य. बिहारातील रुदल शाह १९६८ साली निर्दोष सुटला. पण तुरुंगाचा दरवाजा त्यास १९८२ साली उघडला गेला. चौदा वर्षे! सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८३ साली त्यास ३० हजार रुपये देवविले, आणि त्या निकालाने पुढील पुष्कळांस मार्ग झाला. परंतु हा मार्ग न्यायाधीशांच्या अंतःकरणातून निघालेला आहे, कायद्याच्या कलमातून नव्हे. कोणास किती मिळावे याचे माप नाही. ज्यास चांगला वकील भेटला त्यास लाखो रुपये, आणि ज्यास वकीलच भेटला नाही त्यास शून्य, अशी स्थिती आहे. निष्कारण अटकेबद्दल नव्या नागरिक सुरक्षा संहितेत भरपाई आहे खरी. पण तिची मर्यादा एक हजार रुपये, आणि तीही अटक करविणाऱ्या खाजगी इसमाने द्यावयाची! २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत सुमारे ४ लक्ष ३४ हजार कच्चे कैदी होते. यांतील कित्येक पुढे निर्दोष सुटतील. त्यांच्या गेलेल्या दिवसांचा हिशेब कोणाच्या वहीत मांडावयाचा? अशा बळींस भरपाई देण्याचा कायदा करावा, असे विधी आयोगाने २०१८ साली पुन्हा एकदा सांगितले आहे.

आमच्या कायद्यात पाच कलमे पुरेत. पहिले, नोकराच्या कसुरीबद्दल सरकार सामान्य मालकाइतकेच जबाबदार. युद्ध, विधिमंडळाचे काम व न्यायाधीशांचे प्रामाणिक निर्णय एवढेच अपवाद. दुसरे, जप्त मालाची पावती जागच्या जागी मिळावी, व तो हरवल्यास वा नासल्यास बाजारभावाने किंमत व्याजासह द्यावी. तिसरे, बेकायदा अथवा द्वेषमूलक अटक सिद्ध झाल्यास दर दिवसाचा ठरीव मोबदला. चौथे, प्रत्येक जिल्ह्यात असे दावे कोर्ट-फी न घेता सहा महिन्यांत निकालात काढावे. पाचवे, ज्या अधिकाऱ्याने जाणूनबुजून गैरकृत्य केले, त्याजकडून सरकारने ती रक्कम वसूल करावी.

यावर दोन आक्षेप येतील. एक, खजिन्यावर भार पडेल. परंतु भार आजही पडतोच. फक्त तो साऱ्यांवर न वाटला जाता एका निरपराध्याच्या डोक्यावर पडतो. शिवाय भरपाईचा आकडा अंदाजपत्रकात दिसू लागला, म्हणजे नुकसान कोणत्या खात्यात होते हेही दिसू लागेल. दुसरा, पोलीस कचरतील व गुन्हेगार सुटतील. यास उत्तर असे की, प्रत्येक सुटलेल्या आरोपीस भरपाई द्यावी असे आम्ही म्हणतच नाही. पुरावा अपुरा पडणे निराळे आणि पुरावा रचणे निराळे. प्रामाणिकपणे तपास करणाऱ्यास या कायद्याची भीती नाही. आणि जो पुरावा रचतो तो कचरला, तर त्यात राष्ट्राचे हितच आहे.

आमची जनता सरकारास मायबाप म्हणत आली. स्वराज्यात हा शब्द टाकण्याजोगा आहे; नागरिकास मायबाप नको, हिशेब देणारा विश्वस्त पाहिजे. व्यापारी मंडळांनी आपल्या वार्षिक सभांत, वकीलवर्गाने आपल्या संघांत आणि नागरिकांनी मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे हा एकच प्रश्न ठेवावा: १९५६ पासून अडून राहिलेला हा कायदा तुम्ही करणार की नाही? उत्तर घेतल्यावाचून त्यास दारातून जाऊ देऊ नये.