गावठी गाण्यांचं बँकॉक

खरं खरं सांगा हं. नवं ऑफिस, नवी टीम, पहिलाच फ्रायडे लंच. समोरून प्रश्न येतो, "तुला कुठली गाणी आवडतात?" तुम्ही काय सांगता? कोल्डप्ले? रेहमान? लकी अलीची जुनी? आता ही गाणी आवडत नाहीत असं नाही. पण रात्री एकट्याने गाडी चालवताना किंवा परक्या शहरात तापाने फणफणून पडलेलं असताना जे गाणं आपोआप ओठांवर येतं, ते काही आपण लंच टेबलवर सांगत नाही. ते ठेवतो लपवून.

ही लपवाछपवी आपलीच खासियत आहे, असा माझा समज होता. तो बँकॉकमध्ये दूर झाला.

कंपनीने सहा महिन्यांसाठी तिकडच्या ऑफिसात धाडलं होतं. साथोर्न रोडवरची काचेची बिल्डिंग, खाली कॉफी शॉप, वर आम्ही. माझी जुनी खोड अशी की नव्या गावात गेलं की आधी तिथलं खाणं विचारायचं आणि मग गाणं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मी सगळ्यांना पिडायला सुरुवात केली, "तुमचं लाडकं थाई गाणं सांगा ना!"

मी भारतातला म्हटल्यावर पहिलं उत्तर ठरलेलं. "धूम!"

आठवतंय ना? २००४ सालचा 'धूम' आणि त्यातलं प्रीतमचं ते इंग्रजी 'धूम धूम' गाणारी टाटा यंग? ती बँकॉकची. वडील अमेरिकन, आई थाई. १९९५ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा बाईसाहेब चौदा वर्षांच्या होत्या! आपल्यापैकी कित्येकांचं ते पहिलं आणि शेवटचं थाई गाणं, आणि तेही थाई भाषेतलं नव्हतंच.

दुसरं उत्तर लिसा. ब्लॅकपिंकवाली. तिसरं बर्ड थोंगचाई. १९८६ साली त्याचा पहिला अल्बम आला आणि तेव्हापासून तो अख्ख्या देशाचा लाडका. त्याचं 'सबाय सबाय' (म्हणजे एकदम निवांत, आरामात) साहेबापासून सिक्युरिटी गार्डपर्यंत सगळ्यांना पाठ. मी मान डोलावत सगळं लिहून घेतलं. छान, स्वच्छ, इस्त्री केलेली यादी.

आणि मग आली करावकेची रात्र.

प्रोजेक्ट डिलिव्हर झालं होतं, टीम खुशीत होती. पहिला तासभर इंग्रजी पॉप आणि कोरियन पॉप. मग माइक आमच्या 'पी'ने घेतला. (ही 'पी' प्यायची नव्हे हं. थाई लोक आपल्याहून मोठ्या माणसाला 'पी' म्हणतात, धाकट्याला 'नोंग'. म्हणजे आपलं ताई-दादा आणि बाळा.) ही पी आमची अकाउंट हेड. इंग्रजी फाडफाड, ड्रेस कडक, तिच्या ईमेलला उत्तर द्यायला उशीर झाला की भल्याभल्यांना घाम फुटायचा. मला वाटलं, ही आता काहीतरी जॅझ म्हणणार.

तिने डोळे मिटले आणि एकदम वेगळ्याच आवाजात सुरू केलं. लांबवलेले सूर, त्यावर मुरक्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित थरथर. खोलीतला गोंधळ बंद. दुसऱ्या कडव्याला आमचा इंटर्नसुद्धा शब्दन् शब्द म्हणत होता. अरे, मग लंचला हे गाणं कुणीच कसं नाही सांगितलं?

गाण्याचं नाव 'नाक रोंग बान नोक'. म्हणजे खेड्यातली गायिका. मोठी गायिका व्हायचं म्हणून एक पोरगी शहरात येते. संध्याकाळी पाखरं घरट्याकडे निघालेली बघून तिला घर आठवतं. बस, एवढीच गोष्ट. पण यातल्या 'बान नोक' या शब्दात खरी मेख आहे. 'बान' म्हणजे घर किंवा गाव, 'नोक' म्हणजे बाहेर. शहराबाहेरचं, खेड्यातलं. आणि शहरातल्या माणसाने नाक मुरडून म्हटलं की तीच शिवी. आपल्या 'गावठी'चा सख्खा भाऊ!

या गाण्यांना म्हणतात लुक थुंग. शेताचं लेकरू. शहरी, सुटाबुटातल्या गाण्यांना लुक क्रुंग, म्हणजे शहराचं लेकरू. लुक थुंग हे नाव १९६४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमामुळे रुळलं. या गाण्यांचा पहिला राजा सुराफोन सोम्बातचारोएन. १९६८ च्या ऑगस्टमध्ये नाखोन पाथोममधल्या शोनंतर त्याला गोळ्या घालून मारलं. आणि राणी म्हणजे फुमफुआंग दुआंगचान, जिचं गाणं आमच्या पीने म्हटलं ती.

फुमफुआंगची गोष्ट ऐकाच. जन्म १९६१ चा. सुफानबुरी प्रांतात ऊसतोड करणाऱ्या गरीब घरात वाढली. धड शाळा नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी कुणीतरी वाचून दाखवायचं आणि ही ऐकून पाठ करायची. तिने लुक थुंगला नाचतं केलं, त्यात इलेक्ट्रॉनिक ठेका आणला, आणि शहरातली पोरंसुद्धा ऐकायला लागली. १९९२ मध्ये ल्युपस या आजाराने गेली, तेव्हा वय अवघं तीस. अंत्यसंस्काराला राजकुमारी सिरिनधोर्न स्वतः हजर होत्या. ज्या देवळात ते झाले, त्या वाट थाप क्रादानमध्ये आज तिचे पुतळे आहेत. लोक तिथे फुलं वाहतात, पावडर-लिपस्टिक ठेवतात आणि लॉटरीचा नंबर मागतात. हसू नका! गरिबीतून वर आलेली आपली पोर, ती आपल्याला विसरणार नाही, असा त्यामागचा हिशेब आहे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला टॅक्सीने निघालो. ड्रायव्हरकाका इसानचे. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, आणि हा शब्दसुद्धा आपल्या 'ईशान्य'चाच नातेवाईक. कोरडी जमीन, भाताचं एखादंच पीक, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बँकॉकला येतात. टॅक्सी चालवतात, बिल्डिंगी बांधतात, हॉटेलात भांडी घासतात. येताना आपलं गाणंही घेऊन येतात, ते मो लाम. त्यात बांबूच्या नळ्यांचं 'खाएन' नावाचं वाद्य तोंडाने वाजवतात. काकांच्या रेडिओवर तेच चालू होतं. मी "छान आहे!" म्हटलं तर त्यांनी आवाज वाढवायच्या ऐवजी कमी केला. त्यांना वाटलं, मी टोमणा मारतोय.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थाई माणसाचं सगळ्यात लाडकं गाणं बहुतेक वेळा घर सोडून आलेल्या माणसाचं असतं. आणि ते तो चारचौघांत सांगत नाही, कारण सांगितलं की आपण कुठून आलो तेही सांगावं लागतं.

आता काराबाओ घ्या. फुटबॉलवाल्यांनी २०१७ पासूनचा 'काराबाओ कप' ऐकलाच असेल. तो ज्या एनर्जी ड्रिंकच्या नावाचा, ते ड्रिंक ज्या बँडच्या नावाचा, तो हा बँड. नावाचा अर्थ म्हैस! सुरुवात झाली फिलिपिन्समध्ये, तिथे शिकायला गेलेल्या थाई पोरांकडून. १९८४ च्या 'मेड इन थायलंड'मध्ये त्यांनी आपल्याच लोकांचे कान उपटले. आपला माल चांगला, पण त्यावर परदेशी लेबल लागल्याशिवाय तुम्हाला पटत नाही, असं. गाणं तुफान चाललं. अर्थात चाललं! ज्यांना टोचलं त्यांनीच जास्त ऐकलं.

किंवा ताय ओराथाई. (नाव ऐकून तुम्हाला 'ताई' वाटेल, पण थाईत तो ससा आहे.) इसानमधल्या उबोन रात्चथानीची. तिचा पहिला अल्बम २००२ सालचा, 'दोक या नाय पा पून'. सिमेंटच्या जंगलातलं गवतफूल. स्वस्तातले कपडे, एकुलती एक बॅग आणि डिग्री घ्यायचं स्वप्न घेऊन शहरात आलेली मुलगी. गाणं लिहिणारे सला खुनावुत हे आधी शाळामास्तर होते. आपल्या वर्गातल्या किती पोरी अशा बॅग घेऊन गेल्या, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसेल.

करावकेच्या रात्रीचं थोडं राहिलंच. बाहेर पडल्यावर पी म्हणाली, "चल नोंग, सोम तम खाऊ." रस्त्यावरची गाडी, प्लॅस्टिकची स्टुलं, कच्च्या पपईचं झणझणीत सॅलड आणि हाताने गोळे करून खायचा चिकट भात. खाता खाता तिने सांगितलं. ती मूळची इसानमधल्या रोई एतची. पण पहिल्या नोकरीत सगळ्यांना सांगायची, मी बँकॉकचीच. एकदा आई न सांगता आली. बारा तासांचा बसचा प्रवास, हातात भाताची बांबूची टोपली आणि सुकी मासळी. थेट ऑफिसच्या लॉबीत. सोबतच्या मुलींनी विचारलं, या कोण? पीच्या तोंडून निघून गेलं, "पूर्वी आमच्याकडे काम करायच्या."

आईने ऐकलं. काही बोलली नाही. हात जोडून, नीट वाकून, तिने त्या मुलींना वाय केला, म्हणजे नमस्कार.

"तुला कळतंय ना?" पी म्हणाली. "आमच्यात धाकट्याने आधी वाय करायचा असतो. आईने त्या पोरींना आधी केला. कामवाली करेल तसा. माझं खोटं पडू नये म्हणून."

ते गाणं आई भात लावताना म्हणायची. पी दर एप्रिलला सोंगक्रानसाठी, म्हणजे थाई नववर्षाला घरी जाते. तेव्हा मोठ्यांच्या हातांवर पाणी घालून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची पद्धत आहे. "दरवर्षी मागते. पण ती माफी सगळ्या चुकांची, एकगठ्ठा. लॉबीचं नाव मी कधी काढलं नाही."

मी गप्प. मला आमचे बाबा आठवत होते. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात एकदा भेटायला आले, आणि त्यांच्या मोबाइलवर भजनाची रिंगटोन खणखणीत वाजली. मी दात-ओठ खात म्हटलं होतं, "सायलेंटवर टाका हो!" त्यांनी टाकला. तो अजून सायलेंटवरच असतो. मी फोन केला की पहिल्यांदा कधीच उचलला जात नाही.

अर्थात काळ बदलतोय. २०१२ मध्ये बुरिरामच्या यिंग लीने 'मन दे आणि फोन नंबर घे' अशा अर्थाचं लुक थुंग गाऊन अख्खा देश नाचवला. लिसाही बुरिराम प्रांतातलीच! २०२१ मध्ये एका मुलाखतीत ती म्हणाली की बुरिराम स्टेशनजवळचे मीटबॉल्स खावेसे वाटतात, आणि तिथल्या गाड्यांवर झुंबड उडाली. जगातल्या सगळ्यात ग्लॅमरस पोरींपैकी एक, आणि जीव अडकलाय स्टेशनबाहेरच्या गाडीत. हे तिने जाहीर सांगितलं, याचा आमच्या पीला कोण अभिमान!

मी परत आलो त्याला बरेच महिने झाले. सोंगक्रानच्या दुसऱ्या दिवशी पीचा मेसेज आला.

"सांगितलं आईला. लॉबीचं. ती म्हणाली, कुठली लॉबी? मग थोड्या वेळाने म्हणाली, त्या दिवशीचा भात तू खाल्लास ना?"

तर मंडळी, सोमवारी लंचला कुणी विचारलंच, तर एकदा खरं उत्तर देऊन बघा. कोण हसतं आणि कोण सोबत गायला लागतं, ते मला जरूर कळवा. मी तोवर बाबांची रिंगटोन पुन्हा चालू करून देतो. उचलतील एकदाचा.

या वीकएंडला ऐका:
फुमफुआंग दुआंगचान, 'नाक रोंग बान नोक'. संध्याकाळी ऐका, एकट्याने.
काराबाओ, 'मेड इन थायलंड'. ब्रँडेड शर्ट घालून ऐकल्यास मजा जास्त.
ताय ओराथाई, 'दोक या नाय पा पून'. पीजीत राहणाऱ्यांसाठी खास.
बर्ड थोंगचाई, 'सबाय सबाय'. ट्रॅफिक जॅमवर उतारा.