गाळणी आधी की नंतर?

विद्युत गिटारचा स्वर खरखरीत करण्यासाठी वर्धकात त्याच्या लहरींचे माथे छाटतात. ध्वनिमुद्रणातली नकोशी घरघर नंतर गाळता येईल, असा पुष्कळांचा समज आहे. तो मला मान्य नाही.

गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत सुमारे ८२ हर्ट्झची. विजेच्या प्रवाहाची ५० हर्ट्झची घरघर त्याखाली असते. तोवर ती गाळणे सोपे. माथे छाटले, की तिचे १००, १५० हर्ट्झचे अधिस्वर निर्माण होतात. शिवाय ८२ अधिक ५० म्हणजे १३२ हर्ट्झसारखे मिश्र स्वरही. ते गाळू गेल्यास संगीतही गाळले जाते. म्हणून ही गाळणी छाटणीच्या आधीच हवी. क्रियांचा क्रम बदलला तर फळ बदलते, हे शिक्षकांनी या उदाहरणावरून वर्गात जरूर समजावून द्यावे.