धन्यवाद म्हणा, आणि तिथेच थांबा!



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, नवीन ग्राहकाला वेलकम मेल पाठवायचा, खरेदी झाल्यावर थँक्यू मेल पाठवायचा, हे कळलं. पण त्यात किती टक्क्यांचं कूपन टाकू? दहा की पंधरा?"

माझं उत्तर आहे, शून्य.

हे ऐकून काही जणांना राग येईल. कारण मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांचा पहिला मेल उघडला की वरच कूपन दिसतं. ते करतात म्हणजे बरोबरच असणार, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. बीबीए झालेली, वडिलांच्या साडीच्या दुकानात नवीन काहीतरी करून दाखवायची हौस. त्या हौसेची किंमत मी मोजली आहे, म्हणून आज स्पष्ट बोलते.

मावशींचे अठराशे पंच्याहत्तर रुपये

गोष्ट 2021 च्या दिवाळीची. लॉकडाउनमध्ये आम्ही वेबसाइट सुरू केली होती. वर्षभराचे पैसे भरून मी एक सॉफ्टवेअर घेतलं. ऑनलाइन ऑर्डर आली की मेल, दुकानात बिल झालं की मोबाइलवर मेसेज, सगळं आपोआप. मजकूर मीच लिहिला होता: "खरेदीबद्दल धन्यवाद! पुढच्या खरेदीवर 15% सूट!" खाली तीन फुलं आणि एक फटाका.

आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक मावशी लेकीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आल्या. साडेबारा हजारांचं बिल झालं. त्यांनी थोडं कमी करायला सांगितलं. पप्पा म्हणाले, "ताई, आपल्याकडे भाव एकच असतो, तुम्हाला माहीत आहे." मावशींनी मान डोलावली आणि पूर्ण पैसे दिले. वीस वर्षांचा विश्वास होता तो.

त्या घरी पोचायच्या आधी माझा मेसेज पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मावशी फोन हातात घेऊन दारात. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "काल पंधरा टक्के नव्हते, आणि तासाभरात कुठून आले गं? म्हणजे माझे अठराशे पंच्याहत्तर रुपये जास्तीचे घेतलेत ना?"

मी सांगायचा प्रयत्न केला की ही सूट पुढच्या खरेदीवर आहे. पण लेकीचं लग्न एकदाच होतं, पुढची खरेदी कधी होणार होती? मी पैसे परत द्यायला लागले, तर त्यांनी घेतले नाहीत. पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. ज्याने आत्ताच पूर्ण पैसे दिलेत, त्याला लगेच सूट दाखवणं म्हणजे "तू जास्त पैसे दिलेस" असं सांगणं. धन्यवाद राहतो बाजूला.

आता हिशोब करूया

भावना सोडा, गणित बघा. वही-पेन घ्या.

समजा एक साडी तुम्हाला 700 रुपयांना पडते आणि तुम्ही 1000 ला विकता. सुटतात 300. आता 15 टक्के सूट द्या. साडी 850 ला गेली, हातात राहिले 150. ग्राहकाला सूट दिसली 15 टक्के, तुमचा नफा गेला 50 टक्के! तेवढेच 300 कमवायला आता एकाऐवजी दोन साड्या विकायला लागतील. भाडं, लाइट बिल, मुलीचा पगार हे सगळं यातूनच जायचंय, ते वेगळं.

दुसरं म्हणजे सवय. पहिल्याच मेलमध्ये कूपन दिलं, तर ग्राहक तुमच्याबद्दल पहिली गोष्ट काय शिकतो? इथे थांबलं की भाव उतरतो. मग तो प्रत्येक वेळी थांबतो. मोठ्या कंपन्यांना हे परवडतं, त्यांच्याकडे गुंतवणूकदारांचा पैसा असतो. तुमच्याकडे बहुतेक बचत गटाचं किंवा मुद्रा लोन असतं, आणि हप्ता थांबत नाही.

मग मेलमध्ये लिहायचं काय?

वेलकम आणि थँक्यू मेलची कामं वेगवेगळी आहेत. स्वागताच्या मेलने ओळख करून द्यायची. आभाराच्या मेलने झालेली विक्री नीट पूर्ण करायची.

दुकानात पप्पा हे रोज करतात, फक्त त्याला मार्केटिंग म्हणत नाहीत. पिशवी हातात देताना सांगतात, "ताई, पहिल्यांदा वेगळी धुवा हं." ते वाक्य तुमच्या मेलमध्ये यायला पाहिजे. माझे आताचे दोन्ही मेल देते, तुमच्या धंद्याप्रमाणे बदलून घ्या.

स्वागताचा:

"नमस्कार ताई, आमच्या यादीत नाव नोंदवलंत, आभारी आहे. हे दुकान मी आणि माझे वडील चालवतो. महिन्यातून जास्तीत जास्त दोन मेल येतील, नवीन माल आला की आणि सणाच्या आधी. एखाद्या साडीचा खरा रंग बघायचा असेल तर याच मेलला उत्तर द्या, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो पाठवते. मेल नको असतील तर फक्त 'नको' लिहा, नाव काढून टाकते."

आभाराचा:

"नमस्कार ताई, काल तुम्ही निळी सुती साडी घेतलीत, धन्यवाद. पहिल्या दोन-तीन वेळा ती वेगळी, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. फॉल लावायच्या आधी फॉलची पट्टी पाण्यातून काढून घ्या, नाहीतर नंतर आटते आणि काठ गोळा होतो. साडी बदलायची असेल तर फॉल लावण्याआधी, सात दिवसांत, बिलासह आणा. काही अडलं तर मला उत्तर द्या."

बघा, यात एकही ऑफर नाही. पण फॉलच्या पट्टीबद्दल मला उलट उत्तरं येतात. "बरं झालं सांगितलंत, मागच्या साडीचं असंच झालं होतं." ग्राहक स्वतःहून बोलायला लागला की पुढची विक्री आपोआप सोपी होते.

किमतीचा आकडा मात्र आभाराच्या मेसेजमध्ये टाकू नका. तो बिलावर आहे. एका दादांनी बायकोसाठी गुपचूप पैठणी घेतली होती, आणि आमच्याकडे नोंदवलेला नंबर वहिनींचा होता. पुढचं सांगत नाही.

परदेशातलं एक खरं उदाहरण

अमेरिकेत डेरेक सिव्हर्स नावाच्या संगीतकाराने 1998 मध्ये सीडी बेबी नावाचं ऑनलाइन दुकान सुरू केलं. स्वतंत्र गायक-वादकांच्या सीडी तिथे विकल्या जायच्या. सुरुवातीला त्यांचा ऑर्डरचा मेल इतरांसारखाच कोरडा होता, माल आज पाठवला आहे, धन्यवाद. सिव्हर्सला ते आवडलं नाही. त्याने वीसेक मिनिटांत नवीन मेल लिहिला. तुमची सीडी हातमोजे घालून रेशमी उशीवर ठेवली, पन्नास जणांनी तपासली, सगळं गाव तिला निरोप द्यायला आलं आणि ती खास विमानाने निघाली, अशी धमाल.

लोकांनी तो मेल स्वतःच्या वेबसाइटवर टाकला, एकमेकांना पाठवला, आणि त्यातून नवीन ग्राहक आले. पुढे 2008 मध्ये त्याने ती कंपनी 2 कोटी 20 लाख डॉलरला विकली. अर्थात एका मेलमुळे नाही! पण तो मेल कूपनमुळे गाजला नव्हता. पलीकडे माणूस बसलाय हे वाचणाऱ्याला कळलं, म्हणून गाजला.

आता तुम्ही लगेच पापडाच्या पाकिटाला विमानात बसवू नका. त्याचा विनोद त्याचा होता. तुम्ही तुमच्या काउंटरवर जसं बोलता तसं लिहा.

चार गोष्टी पाळा

1. वेळ. ऑनलाइन ऑर्डरची पोच लगेच गेली पाहिजे. यूपीआयने पैसे कापले गेले आणि काहीच आलं नाही, तर माणूस घाबरतो. आभार आणि वापराची माहिती दुसऱ्या दिवशी किंवा माल पोचल्यावर. आठ-दहा दिवसांनी एकच प्रश्न विचारा, "रंग कसा निघाला?"

2. परवानगी. बिलासाठी दिलेला नंबर म्हणजे जाहिरातीची परवानगी नाही. बिल करताना मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच दुकानदारांना सांगितलंय. विचारा, आणि "नको" म्हटलं तर हसून बिल द्या.

3. उत्तर देता येईल असा पत्ता. "या मेलला उत्तर देऊ नका" असं लिहून वर धन्यवाद म्हणायचं? दुकानात कोणी असं बोलेल का?

4. जागा ओळखा. तुमचा ग्राहक मेल बघत नसेल तर हेच व्हॉट्सॲप बिझनेसवर करा. त्यातला ग्रीटिंग मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आपोआप जातो, आणि 14 दिवस बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. म्हणून जुन्या गिऱ्हाईकालाही शोभेल असा लिहा. ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. नंबर सेव्ह करायला कारण लागतं, आणि कामाची माहिती हे चांगलं कारण आहे.

"मॅडम, पण काहीतरी द्यायचंच असेल तर?" द्या की! भाव न पाडता द्या. आम्ही जुन्या गिऱ्हाईकाला पुढच्या साडीचं फॉल-पिको करून देतो. खर्च कमी, ग्राहकाला उपयोग, आणि काल दिलेल्या पैशांबद्दल कोणाला वाईट वाटत नाही. जुना माल काढायचा असेल तर सेल लावा, सगळ्यांना एकदम सांगा. फक्त त्याला धन्यवाद म्हणू नका.

मावशींचं काय झालं? दीड वर्ष आल्या नाहीत. मग एकदा नातीच्या बारशाला आल्या, आता येतात. पण दर वेळी पैसे देताना विचारतात, "उद्या मेसेज येणार असेल तर आत्ताच सांग गं." हसत विचारतात. मीही हसते. पण आत कुठेतरी लागतं.

आजचा गृहपाठ: तुमचा थँक्यू मेसेज उघडा आणि समोर ग्राहक उभा आहे असं समजून मोठ्याने वाचा. जे वाक्य तोंडावर बोलायला लाज वाटेल, ते खोडा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धन्यवाद! (बघा, इथेच थांबले.)