माणूस आपला, पण काम कुणाचं?

मंडळी, श्री ठाणेदार यांचं नाव निघालं की आपली छाती फुगते. साहजिकच आहे. 1955 साली चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, घरची परिस्थिती बेताची. 1979 मध्ये शिकायला अमेरिकेत आले, रसायनशास्त्रात पीएचडी केली, कंपन्या चालवल्या, एकदा बुडाले, पुन्हा उभे राहिले. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचलंय.

त्यांच्या राजकारणाकडे मात्र आपण नीट बघत नाही. 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले, तरी तिसरे आले. मग खालची पायरी धरली. 2020 मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या हाऊसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत आमदार झाले. 2022 मध्ये खासदार. आपण टाळ्या वाजवल्या त्या खासदारकीला.

माझं म्हणणं असं, की मजुराचं पोट आमदारकीशी जास्त बांधलेलं असतं. परातीवरून पडलात तर भरपाई किती मिळणार, हे बहुतेक राज्याचा कायदा ठरवतो. मिशिगनमध्ये साइटची सुरक्षा तपासणारं खातंसुद्धा राज्याचंच आहे. टेक्सासात बघा. ऑस्टिन आणि डॅलस शहरांनी बांधकाम मजुरांना दर 4 तासांना 10 मिनिटं पाणी-विश्रांतीची सुट्टी दिली होती. 2023 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहरांच्या अशा नियमांवरच घाला घालणारा कायदा केला. उन्हात सळई बांधणाऱ्याला विचारा, 10 मिनिटं म्हणजे काय.

“आपल्याला कुठे मत आहे?” असं बरेच जण म्हणतात. मत नाही, हे खरं. पण खासदाराचं ऑफिस मतदारसंघात राहणाऱ्याचं काम बघतं, त्याला नागरिक असावं लागत नाही. व्हिसाचा कागद अडकला, केंद्राच्या कामगार खात्याकडून उत्तर येत नाही, तर तिथे जा. तुमच्या वतीने चौकशी करायला परवानगीचा एक फॉर्म सही करून द्यावा लागतो. फी नाही. निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं नाही, पण फाइल हलते.

आणि हे काम करायला खासदार मराठी असावा लागत नाही. ठाणेदार डेट्रॉइटच्या लोकांचे प्रतिनिधी आहेत, जगभरच्या मराठी माणसांचे नाहीत. उद्या तुमच्या राज्यात कुणी मराठी आमदार झाला तर हार जरूर घाला. पण आधी त्याला विचारा: पगार बुडवणाऱ्या ठेकेदाराबद्दल तुझं मत काय? उन्हातल्या सुट्टीच्या बिलावर तू हात वर करणार का? उत्तर गोलगोल आलं, तर हार परत आणा. ज्याचं उत्तर सरळ येईल तो आपला, मग त्याचं आडनाव काहीही असो.