टुगेदर म्हणजे 'टु गेट हर' नव्हे!

मंडळी, संध्याकाळी तुळिंज रोडच्या आतल्या गल्ल्यांमधून चालत जा. कुठल्यातरी क्लासच्या खिडकीतून घोष ऐकू येतोच: टी-ओ-टु, जी-ई-टी-गेट, एच-ई-आर-हर, टुगेदर! पुढचा शब्द नॉलेज, म्हणजे अर्थातच 'क्नोवलेडगे'. आपणही असंच शिकलो, मान्य. म्हणून पुढच्या पिढीनेही हेच घोकायचं?

माझं स्पष्ट मत आहे की ही युक्ती स्पेलिंग देते आणि शब्द पळवते. टुगेदरमध्ये कुणी 'हर' नाहीच. आहे तो 'गॅदर'चा, म्हणजे जमण्याचा, सख्खा भाऊ. आपल्या स्टेशनाचं नाव कुणी 'नालासो-पारा' असं तोडतं का? नाही. कारण सोपारा हे गाव आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

यावर लगेच उत्तर येतं, "आम्ही सिलॅबल शिकवतो की!" हे-लि-कॉप-टर. छान. उच्चार सुधारतो, वाचायला सोपं जातं, वादच नाही. पण अर्थाचा सांधा तिथे नाही. ग्रीकमधलं हेलिको म्हणजे मळसूत्री आणि प्टेरॉन म्हणजे पंख. जोड त्या 'कॉप'च्या पोटात लपलाय! यात नवल काहीच नाही. 'सूर्योदय' आपण सूर्-यो-दय असा उच्चारतो आणि विग्रह मात्र सूर्य + उदय असाच करतो. मराठीच्या तासाला संधी सोडवणारं पोर इंग्रजीच्या तासाला पोपट का होतं?

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द कुठे तोडायचा, हे 'टेक' या छपाईच्या सॉफ्टवेअरला शिकवायला फ्रँक लियांगने १९८३ च्या प्रबंधात शब्दकोशावरून ४४४७ नमुने काढले. मशीन ते नमुने लावतं आणि शब्द बहुतेक वेळा बरोबर तोडतं. अर्थ त्याला एका शब्दाचाही कळत नाही. मशीनला ते चालतं हो. पोराला कसं चालेल?

"एवढ्याशा मुलांना ग्रीक-लॅटिन कशाला?" अहो, कोण म्हणतंय ग्रीक शिकवा? मोबाईलचा रिचार्ज, पेनची रिफिल, ट्रेनचं रिटर्न तिकीट. तिन्हीतला 'रि' म्हणजे पुन्हा किंवा परत, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. (रिबनमधला 'रि' तसा नाही, हेही सांगा. पोरं हसतील आणि लक्षात ठेवतील.) 'साइन'मधला मुका जी 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर'मध्ये बोलायला लागतो. तिघांना शेजारी बसवा, तो जी पुन्हा विसरला जाणार नाही. घोकंपट्टीत एक शब्द एकदाच पाठ होतो, तुकडा कळला की डझनभर शब्द उघडतात. एकदा लिहिलेलं फंक्शन शंभरदा वापरावं तसं.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तेव्हाची पहिलीतली पोरं आज स्वतः आई-बाप झालीत, आणि आपल्या लेकरांकडून तेच 'टु गेट हर' घोकून घेताहेत.

सिलॅबल तोंडासाठी, तुकडे डोक्यासाठी. दोन्ही शिकवा. निदान आज रात्री घरच्या पोराला 'रिटर्न' तरी फोडून दाखवा!