पडायला अंगण हवं

आमच्याकडे कुणी एखादी जुनी गोष्ट रंगवून सांगितली, की लोक म्हणतात, “त्याच्या अंगातच आहे ते.” मला या वाक्याचा राग येतो. वरवर ते कौतुक वाटतं, पण त्याच्या पोटात दुसरं वाक्य दडलेलं असतं: ज्याच्या अंगात नाही, त्याने या भानगडीत पडू नये. एखादं पोर पहिल्यांदा उभं राहतं, अडखळतं, लोक फिदीफिदी हसतात. घरी गेल्यावर घरचेच म्हणतात, “सोड रं, तुज्या अंगात नाय ते.” एवढ्यावर एक गोष्ट सांगणारा संपतो.

गोष्ट सांगणं अंगात नसतं, ते अंगवळणी पडतं. आणि अंगवळणी पडायच्या आधी पुष्कळदा तोंडावर पडावं लागतं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात या पडण्याला एक हक्काची जागा होती. ती आपण आपल्या हातांनी बुजवत आणली आणि वर ‘नवीन पोरं पुढे येत नाहीत’ म्हणून गळा काढतो आहोत. माझं भांडण आहे ते याच्याशी.

ती जागा म्हणजे शिमग्यातलं नमन. गाववाल्यांना सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. मृदंगावर थाप पडते, नमनाची गाणी होतात, गणपती येतो, काळ्या झग्यातला, उंच टोपीचा संकासूर येतो. मग गवळण. तिच्यात कृष्ण, पेंद्या, आणि लुगडं नेसलेला बाप्या मावशी. शेवटी वग. पहाट व्हायची.

आमच्या वाडीत कुणी पोर एकदम वगातला राजा होत नसे. आधी मागे उभं राहून झील धरायची. मग पायात चाळ बांधून नाचायचं. मग गवळण व्हायचं, तिला दोन-चार वाक्यं. त्यानंतर पेंद्या. पेंद्याला पाठ केलेलं थोडं आणि आयत्या वेळी सुचवायचं फार. मी पेंद्या झालो, तेव्हा पहिली दोन वर्षं माझ्या बोलण्यावर एक माणूस हसला नाही. अंगणातली म्हातारी माणसं बिड्या ओढत दुसरीकडे बघायची. पण कुणी मला खाली बसवलं नाही. मृदंगवाले काका एवढंच म्हणाले, “लोकं हसली नाय तर घाबरायचा नाय. आन् तोच विनोद दोनदा करायचा नाय. मावशीकडं बघायचं. ती सांभाळून घेल.”

हेच माझं शिक्षण. आज वाडीत जे खेळलं, ते उद्या शेजारच्या वाडीत परत खेळायचं असायचं. तेव्हा रात्री घरी येताना डोक्यात एकच किडा: कुठे घसरलं? हळूहळू कळायला लागलं. मथुरेच्या बाजाराचं नुसतं वर्णन केलं तर लोक जांभया देतात. तिथेच ‘बाजारात उशीर झाला, आता देवरुखची वस्तीची एस्टी तरी गावंल काय’ असं घातलं की अंगण हसतं, कारण ती गाडी सगळ्यांचीच कधी ना कधी चुकलेली असते. वाक्य टाकल्यावर थांबायचं असतं. मृदंग लवकर वाजला तर हशा मरतो, उशिरा वाजला तर गार पडतो. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही आणि आईच्या पोटातूनही येत नाही. दहा वाड्यांत दहा रात्री चुकत चुकत येते.

आता काय आहे? नमन मुंबईच्या नाट्यगृहात तिकीट लावून होतं. त्याला माझा विरोध नाही, कलाकारांना चार पैसे मिळायलाच हवेत. पण भाड्याचं नाट्यगृह, लाइट, साउंड एवढा खर्च केल्यावर तिथे नवख्या पोराला कोण उभं करील? आणि वाडीत उभं केलं तरी समोर वीस मोबाइल वर झालेले. पूर्वी फसलेली रात्र पहाटेबरोबर संपायची. आता ती सकाळी व्हॉट्सअपवर फिरते आणि मुंबईतला चुलताही तिच्यावर हसतो. कुठलं पोर परत उभं राहील?

शाळेत म्हणाल, तर कथाकथन स्पर्धा. मी अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहे. पाच मिनिटं, मग घंटा. गोष्ट छापील, हातवारे सरांनी बसवलेले. तीस मुलं बोलतात, तीन नंबर, दोन उत्तेजनार्थ. उरलेली पंचवीस मुलं काय शिकून घरी जातात? आपल्या अंगात नाही, एवढंच. त्यांतल्या एकालाही कुणी म्हणत नाही, की बाळा, पुढच्या महिन्यात हीच गोष्ट परत सांग. स्पर्धेने वक्ते निवडता येतात, घडवता येत नाहीत.

लिहिणाऱ्यांचंही तेच. दापोलीजवळच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे. ‘गारंबीचा बापू’ वाचून लोक म्हणतात, काय देणगी होती! ती १९५२ ची. त्यांचं पहिलं पुस्तक ‘खडकावरील हिरवळ’ १९४१ चं, आणि पहिली कादंबरी ‘एल्गार’ १९४९ ची. मुंबईत बेस्टची नोकरी सांभाळत लिहीत राहिलेल्या माणसाची मधली वर्षं कुणी मोजत नाही. तिकडे रशियात चेखॉव्हनेही आधी टोपणनावाने हलक्याफुलक्या साप्ताहिकांत शेकड्यांनी लहान लहान गमतीच्या गोष्टी लिहिल्या. ती साप्ताहिकं त्याची वाडी. आपल्याकडे ‘सत्यकथा’ होतं. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हे संपादक नवख्याची कथा परत पाठवताना तिच्यात काय राहून गेलं ते पत्रात लिहीत. म्हणजे परत आलेली कथाही काही देऊन जायची. ते मासिक १९८२ साली बंद पडलं. आज कथा पाठवली की एक तर छापतात, नाहीतर शब्द नाही.

कुणी म्हणेल, तुमचं ते जुनं अंगण सगळ्यांना थोडंच मोकळं होतं! खरं आहे. आमच्या बहिणी पडवीतून बघायच्या, गवळण मात्र बाप्ये व्हायचे. कुणी कुठे उभं राहायचं ते जातीवर ठरायचं. ते अंगण जसंच्या तसं मला नको आहे. आता बायकांची नमनं होतात, त्याचा मला आनंद आहे. म्हणून तर म्हणतो, ज्यांना आत्ता कुठे उभं राहायला मिळतंय, त्यांच्या वेळेलाच आपण घंटा आणि मोबाइल आणून ठेवला, हा कुठला न्याय?

हे बदलायला निधी लागत नाही. प्रत्येक शाळेने महिन्यातला एक शनिवार काढावा. नंबर नाही, घंटा नाही. मुलाने आपल्या घरची, आपल्या वाडीची गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. पुढच्या महिन्यात तीच परत सांगावी, आणि काय बदललं ते बाकीच्या मुलांनी सांगावं. नमनमंडळांनी शिमग्यातली एक रात्र नवख्यांना द्यावी आणि त्या रात्री मोबाइल पडवीत टोपलीत ठेवायला लावावेत. वर्गणी देणाऱ्या चाकरमान्यांनी त्या रात्रीही समोर येऊन बसावं. पोर अडखळलं तर त्याला खाली बसवू नये. मावशीने सांभाळून घ्यावं, मृदंगवाल्याने थाप द्यावी आणि खेळ पुढे न्यावा.